क्रमाने वाचावीत

९ फेब्रुवारी, सोमवार

यवतमाळला जाऊन आलो. कळंबच्या वाचनालयात एक दिवसाची रजा टाकली. साडूच्या ऑफिसचं उद्घाटन होतं. साडू म्हणजे गजानन, मंदाच्या धाकट्या बहिणीचा, छायाचा नवरा. यापुढे इथे नुसतं ग. लिहीन. पूर्ण नाव लिहायची इच्छा होत नाही.

बोर्ड मोठा आहे. 'व्यवसाय सल्ला केंद्र'. त्याखाली 'अनुभवी मार्गदर्शन'. अनुभव कसला? नऊ वर्षं बियाण्याच्या दुकानात काउंटरवर उभा. बारावी तिसऱ्या खेपेला. आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलेलं मला तरी माहीत नाही. त्यांच्या लग्नात मी दिलेलं पुस्तक छायाच्या घरी दार आपटू नये म्हणून खाली सरकवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

फीत मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, कापली. सगळ्यांदेखत मला म्हणाले, "पाहा दिलीपराव, गजाननरावानं करून दाखोलं." मी हसलो. पेढा खाल्ला. दुसराही खाल्ला.

चार वर्षांपूर्वी बाभूळगावला, मामाजींच्याच गच्चीवर, ही कल्पना मी त्याला सांगितली होती. खेड्यावरच्या माणसाच्या हाताला कसब असतं, पण परवाना कुठे काढायचा, पाकिटावर काय छापायचं, बँकेचा फॉर्म कसा भरायचा, हे शेजारी बसून सांगणारं कोणी नसतं. ते मी करणार. निवृत्त झालो की घराच्या समोरच्या खोलीत. ग. सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळत होता. म्हणाला, "भारी हाय साडूभाऊ." एवढंच. मग चार वर्षं मी वाचत बसलो आणि त्याने गाळा घेतला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

जळतो मी. लिहून टाकलं. वाटलं होतं लिहिल्यावर बरं वाटेल.

१३ फेब्रुवारी

मंदाचं छायाशी फोनवर पाऊण तास. मी पेपर वाचल्यासारखं केलं. तिकडे रोज दोन-तीन माणसं येतात म्हणे. फिरत्या खुर्च्या आणल्या. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, सुरुवातीला येतातच लोक, नवलाई असते.

मंदा: "तुमचं तं 'सुरू करून राह्यलो, करून राह्यलो' आयकून माह्ये कान किटले. थ्यानं केलं बी."

वाचनालयात आज सहाजण. पैकी चार पेपरवाले.

१७ फेब्रुवारी

ग.चा फोन. आधी तब्येत, मग कापसाचा भाव, मग मुद्दा. "साडूभाऊ, एक यादी देता का? धंदा सुरू कराच्या आधी मानसानं काय वाचाव, अशी. तुमी वाचनारे मानूस. माह्याकडे लोक येते तं म्या त्याइले द्यायची म्हंतो. लेटरहेडवर छापून घेतो."

कोणाच्या लेटरहेडवर, ते विचारलं नाही. त्याच्याच.

देतो म्हटलं. आवाज गोड ठेवला. फोन ठेवल्यावर कपाट क्र. ४ उघडलं. उद्योग, व्यापार, अर्थ. हे कपाट मी एकवीस वर्षांत एकट्याने भरलंय. कमिटीला त्यातल्या एकाही पुस्तकाचं नाव सांगता येणार नाही.

२० फेब्रु., शुक्रवार

काल यादी केली. चांगली केली होती. सगळी पातळ पुस्तकं. परवाने आणि पाकिटं यांवरचं ते कव्हर फाटलेलं. एका बेकरीवाल्या बाईने पहिली गिऱ्हाइकं कशी जोडली, ते हिरवं. बचत गटाने भांडण न करता काम कसं वाटून घ्यावं, ते. ती यादी वाचून मला स्वतःलाच उद्या दुकान टाकावंसं वाटलं. आणि मग डोळ्यांपुढे आलं ते ग.चं लेटरहेड, त्यावर ही यादी, आणि लोक म्हणतायत, वा, गजाननराव.

आज दुसरी यादी केली. ती पाठवली.

त्यात काय आहे ते इथे तरी खरं लिहितो. १) जाडं निळं, कंपनी कायद्याचं. २) संख्याशास्त्र, अर्धं कोष्टकांचं. ३) परदेशी कारखान्यांचं व्यवस्थापन, भाषांतर असं की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. ४) उद्योगाचं तत्त्वज्ञान, ते मीही अर्ध्यात सोडलं होतं. ५) आयकर, जुनी आवृत्ती, आता निम्मी कलमं बदललेली.

हेतू असा की त्याच्या माणसांनी पहिल्याच पुस्तकाला जांभई द्यावी आणि पुन्हा त्याचं दार चढू नये. वर ग्रंथपालाचा तोरा म्हणून एक ओळ घातली: 'क्रमाने वाचावीत.'

पाठवताना हात जरा थांबला होता. पण पाठवली.

२५ फेब्रुवारी

फॅमिली ग्रुपवर यादी आली. लेटरहेड, ग.चा फोटो, खाली 'संकलन: गजानन'. मामाजी: "जावईबापू अभ्यासू झाले." सासूबाईंचे हात जोडलेले. छायाने फुलं. एका चुलत मेहुण्याने लिहिलंय, "ह्याले म्हंते व्हिजन."

मी मुद्दाम बिघडवलेल्या यादीचं कौतुक त्याला मिळतंय, आणि त्याचंही मला वाईट वाटतंय. म्हणजे चांगली दिली असती तरी जळलो असतो आणि वाईट दिली तरी जळलोच. मंदाने माझ्या नावे अंगठा टाकला. माझाच फोन घेऊन.

२ मार्च, सोमवार

दुपारी एक बाई आली. तांड्यावरची. सुमन राठोड. तिशी-बत्तिशीची असेल, दहावी शिकलेली. एसटीने आली, स्टँडवरून चालत. प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडू देता ठेवलेला कागद बाहेर काढला. ती यादी.

"सर, यातलं एक नंबरचं पायजे."

मी वर्गणीचा फॉर्म भरून घेतला आणि जाडं निळं काढून दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. मनात म्हटलं, चला, एक तर परत जाईल. आठ दिवसांत न वाचता आणून देईल आणि ग.ला नावं ठेवेल. खोटं कशाला लिहू, चहा आज जास्त गोड लागला.

१० मार्च

आणून दिलं. वाचून.

मी विचारलं, सगळं? म्हणाली, सगळं. "सर, मांगची सूची बी वाचा लागते का? म्या वाचली. पन तिच्यात गोष्ट नाई लागली."

शब्दसूची! शेवटची बावीस पानं, नुसते शब्द आणि पृष्ठांक.

मग तिने सांगितलं कसं वाचते ते. सकाळी आंघोळ करून. पाटावर पुस्तक, समोर उदबत्ती. एक पान सोडायचं नाही, पुढचं आधी पाहायचं नाही, मध्ये उठायचं नाही. घरी पोथीचं पारायण सासू असंच करते. यादीवर लिहिलंय ना, क्रमाने वाचावीत. तिने संकल्प सोडलाय: पाचही पुरी झाल्याशिवाय विकायच्या मालाला हात लावायचा नाही.

माल म्हणजे मुगवड्या, कुरड्या, ज्वारीचे पापड. तांड्यावरच्या बारा जणी तयार आहेत. यवतमाळचा एक दुकानदार म्हणालाय, चांगलं असेल तर सगळं घेतो. "ऊन हाय तवरच जमते सर. मिरग लागला का कायचं वाळते."

दोन नंबरचं मागितलं. संख्याशास्त्र. दिलं.

११ मार्च

आज पुस्तकांना नंबर घालत बसलो होतो, चित्त थाऱ्यावर नाही. हिशेब साधा आहे. पहिल्यालाच आठवडा लागला, पुढच्यांना दोन-दोन, तीन-तीन लागतील. जाडी पुढे वाढत जाते. घरचं, शेतातलं करून. पाच संपता संपता ज्येष्ठ उजाडेल.

सांगून टाकावं तिला? काय सांगू? की बाई, यादी मी केली आणि मुद्दाम वाईट केली. ती ते ग.ला सांगेल. ग. छायाला, छाया मंदाला, मंदा मामाजींना. चार घरं, एक दिवस.

आणि आणखी एक. ती ग.बद्दल काय बोलत होती ते काल लिहिलं नाही. "गजानन सरांनी मले खुर्चीवर बसोलं. माह्यं सगळं आयकलं, मधात बोलले नाई. मंग म्हनलं, ताई, हे वाचून या." डोळे भरून बोलत होती. एकवीस वर्षं मी पुस्तकं देतोय, माझ्याबद्दल असं कोणी कुठे बोललं असेल?

नाही सांगत. बघू.

१९ मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. मंदाने पुरणपोळी केली. मंदा म्हणाली, आज मुहूर्त आहे, समोरची खोली तरी रिकामी करा. केली अर्धी. जुने अंक निघाले, ते वाचत बसलो. ती आत येऊन पाहून गेली.

छायाकडे आज नवी गाडी. फोटो आला.

२५ मार्च

सुमन येऊन गेली. दोन नंबर झालं. कोष्टकं वहीत उतरवून काढलीत, लाल पेनाने रेघा मारून. म्हणाली, कायले आहेत ते नाही समजलं, पण उतरवताना मन शांत झालं.

मी म्हटलं, ताई, तीन नंबर वगळलं तरी चालेल. तसं फार महत्त्वाचं नाही.

"वगळलं तं पारायन मोडते ना सर."

मग मला वाटलं मी फार हुशार आहे. म्हटलं, तीन नंबर दुसऱ्या वाचकाकडे गेलंय. तुम्ही बाकीची राहू द्या, कामाला लागा. ते माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होतं.

तिने जरा विचार केला. "मंग म्या थांबतो. वापस आलं का सांगजा." आणि फोन नंबर लिहून ठेवून गेली. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

३० मार्च

पाच दिवस ती थांबली आहे. मी टेबलाशी बसतो तेव्हा खण गुडघ्याला लागतो. आज फोन केला, आलं म्हणून. एका तासात हजर. इतक्या उन्हात. पदर ओला करून डोक्यावर घेतलेला.

"कोन वाचत होतं सर? त्याचा बी धंदा हाय का?"

हो म्हणालो.

८ एप्रिल

ऊन आता कडक. या उन्हात मुगवडी एका दिवसात खडखडीत वाळते, आपल्या गच्चीवर मंदाने घातल्यात, पाहतोय ना. पुस्तकी माणसालाही एवढं कळतं.

सुमनच्या बारामधल्या तिघी दुसऱ्या कामाला लागल्या. वाट किती पाहणार. बाकीच्या तिला चिडवतात: "सुमन शिकून राह्यली, धंदा निजून राह्यला." तिने हसत सांगितलं, पण हसू काही खरं नव्हतं. तिच्या जावेनं तर पैज लावलीय म्हणे की ही बाई काही करत नाही, नुसती पुस्तकं उराशी धरून बसते.

ते शेवटचं वाक्य माझ्याबद्दल कोणीही म्हटलं असतं.

१५ एप्रिल

मनाशी ठरवलं: ग.ला जाऊन सांगायचं. त्याने स्वतः तिला फोन करावा, यादी बदलली म्हणावं, कारण काहीही द्यावं. तिचा संकल्प त्याच्या शब्दावर आहे, त्याच्याच शब्दावर सुटेल.

आज गेलो नाही. उद्या.

१८ एप्रिल, शनिवार

गेलो.

ग.समोर झरी जामणीकडचा एक म्हातारा बसला होता. बांबूचं काम करतो. सूप, टोपल्या, आता लोकांना शोभेच्या वस्तू लागतात असं ऐकून आला होता. थांबत थांबत बोलत होता, मधेच त्याच्या बोलीतला शब्द यायचा, मग तो हाताने आकार दाखवायचा. मला पाच मिनिटांत घड्याळ पाहावंसं वाटलं. ग.ने सव्वा तास ऐकलं. खर्रा खाल्ला नाही. शेवटी म्हणाला, "बाबा, मले यातलं काई येत नाई. पन ज्याले येते त्याले आत्ताच फोन लावतो." आणि लावला. म्हातारा निघताना दारात वळून हात जोडून गेला.

मग माझ्याकडे वळून: "मले काय येते साडूभाऊ? म्या आयकतो फकत. वाचाचं काम असलं का तुमच्याकडे धाडतो. थ्या सुमनताईले बी सांगतलं, कळंबले माहे साडूभाऊ हायेत, पुस्तकातलं काई अडलं तं थे सांगतीन. विचारते का नाई थे तुमाले?"

म्हणजे यादी हे त्याचं लोकांना माझ्याकडे पाठवायचं निमित्त होतं. कल्पना माझी होती हे तो विसरला नव्हता. उलट त्याला वाटत होतं की आपण दोघं मिळून ती चालवतोय.

मी काही सांगितलं नाही. त्याच्या घरी छायाने पन्हं केलं होतं, ते प्यालो. एसटीत बसल्यावर उमगलं की या माणसाचा राग करायला आता कारण उरलं नाही, आणि म्हणूनच आणखी राग येतोय. तो चांगला आहे हेच मला सहन होत नाही. लबाड निघाला असता तर किती बरं झालं असतं.

२१ एप्रिल

सुमन तीन नंबर परत घेऊन आली. सांगायचं म्हणून टेबलामागून उठलो आणि पुन्हा बसलो. मग सांगितलं. वाचनालयात दुसरं कोणी नव्हतं.

म्हटलं, ताई, ही यादी गजाननची नाही, मी केलीय. आणि मुद्दाम वाईट केलीय. ही पुस्तकं तुमच्या कामाची नाहीत.

 म्हणाली, "काहून?"

मी म्हटलं, जळत होतो त्याच्यावर.

 मला वाटलं आता रडेल, नाहीतर पुस्तक टेबलावर आपटेल. ती बाकावर बसली. पाणी मागितलं, प्याली.

"माही जाऊ बी माह्यावर जळते," म्हणाली. "एक डाव तिनं माह्या पापडाच्या पिठात खार दुप्पट टाकला होता. सगळे पापड लाल झाले. पन तिनं आजून कबूल नाई केलं. तुमी केलं."

म्हणजे मी तिच्या जावेपेक्षा बरा. एवढीच काय ती शाबासकी.

मग म्हणाली, "माहे दीड महिने गेले सर." ओरडून नाही. 

म्हटलं, आता सोडा ती उरलेली दोन. चांगली मी देतो, पातळ आहेत. नाही म्हणाली. पुस्तकं तर खोटी नाहीत ना? देवापुढे नारळ ठेवून बोललेलं आहे, सांगणारा कसाही असो. "चार नंबरचं द्या."

चार नंबर सगळ्यांत जाड. उद्या काढून ठेवतो म्हटलं.

२२ एप्रिल

ती कालच म्हणाली होती, सासू पोथी वाचते तेव्हा ऐकणाऱ्यांनाही पुण्य लागतं. ते आज पेपर वाचताना आठवलं. ऐकलेलं जर वाचल्यात जमा असेल, तर पुस्तक तिनेच वाचायला कशाला हवं?

फोन केला. म्हटलं, मी येऊन वाचतो, तुम्ही ऐका. पलीकडे बराच वेळ त्यांच्या बोलीत बोलणं चाललं. मला 'याडी' आणि 'सर' एवढंच कळलं. याडी म्हणजे आई. सासूला विचारत होती. मग सुमन फोनवर आली: "याडी म्हंते, आयकलेलं बी वाचलेलंच धरतेत. आन पोथी आयकतानी बाया वाती वळते, तसे हात चालू ठेवले तं चालते. रिकाम्या हातानं झोप येते."

उद्या पहिल्या गाडीने.

२३ एप्रिल, गुरुवार

साताला पोचलो. शाळेमागच्या मोकळ्या जागेत साड्या अंथरलेल्या. नऊ बाया, वाटलेल्या मुगाची घमेली. मला खाट. पुस्तकाला हळदकुंकू लावलं सुमनच्या म्हाताऱ्या सासूने, शिक्का मारलेल्या पानावर. वाचनालयाच्या नियमात बसत नाही. बसवलं.

उद्योगाचं तत्त्वज्ञान, प्रकरण पहिलं. मी वाचतोय आणि नऊ बाया पटापटा मुगवड्या घालतायत. पहिली दोन पानं सगळ्या गंभीर. मग एकीने विचारलं, "सर, हे 'उपभोक्ता' म्हंजे कोन?" मी म्हटलं, तुमच्या मुगवड्या खाणारा. सगळ्या हसल्या. त्यानंतर जिथे जिथे उपभोक्ता आला तिथे 'मुगवड्या खानारा' असं वाचलं. पुस्तक पहिल्यांदाच मला समजलं.

मग प्रश्न आले. पाकिटावर तारीख कोणती टाकायची, घातल्याची की भरल्याची? परवाना एकीच्या नावाने घ्यायचा की गटाच्या? पावसाळ्यात मुगवडी सादळली तर नाव कोणाचं खराब? मला सगळं येत होतं. पुस्तक न उघडता येत होतं. एकवीस वर्षं कपाट क्र. ४ मधलं जे वाचलं ते सगळं सरळ तोंडातून येत होतं, आणि समोर कोणीतरी ते ऐकून हात न थांबवता मान हलवत होतं.

दहाला ऊन सोसवेना. निघालो. म्हातारीने दोन ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. म्हणाली, "गजानन सरानं मानूस चांगला धाडला."

सगळा दिवस चांगला गेला होता. तेवढं एक वाक्य घरी येईपर्यंत कानात खुपत राहिलं. मी सुधारणार नाही बहुतेक.

६ मे

रोज सकाळी तांडा, मग वाचनालय. अर्धा तास उशीर. कमिटीच्या एकाने विचारलं, म्हटलं वाचक-विस्तार कार्यक्रम.

चार नंबर संपलं. आयकरात आज दुसरं प्रकरण. जिथे कलम जुनं आहे तिथे खरं काय ते सांगतो. बायांनी आयकरावर एक गाणंच केलंय त्यांच्या बोलीत. अर्थ सांगत नाहीत. मला पाहिलं की सुरू करतात.

मंदा म्हणाली, आजकाल चेहरा बरा दिसतो. मी तिला सगळं सांगितलं. यादीपासून. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "मले माहीत होतं. तुमी थ्या दिवशी दोन पेढे खाल्ले. तुमाले पेढा आवडत नाई."

१४ मे

समाप्ती परवा झाली. नारळ फोडला. म्हातारीने पुस्तकालाही प्रसाद लावला, पान चिकटलं.

सुमनचा पहिला माल काल यवतमाळला गेला. दुकानदाराने घेतला सगळा. पण तो म्हणाला, मार्चमध्ये आणला असता तर लग्नसराईला दहापट लागला असता, आता लोकांनी दुसरीकडून भरून ठेवलंय. हे तिने मला सांगितलं, माझ्याकडे न पाहता. त्या तिघी काही परत आल्या नाहीत.

विचारलं तिने, "गजानन सरांले सांगतलं का?"

नाही म्हटलं.

"म्या नाई सांगनार. थे तुमचं हाय."

२३ मे, शनिवार

अधिक महिना. बाभूळगावला धोंड्याचं जेवण. दोन जावई शेजारी शेजारी पाटावर, मी थोरला म्हणून उजवीकडे. अनारसे, पुरणाचे धोंडे, वर तूप. मामाजींनी दोघांना सारखं धोतर दिलं. यंदा त्यांनी ग.कडे पाहून काही म्हटलं नाही, माझ्याकडे पाहूनही नाही. जेवण बरं चाललं होतं. मी ठरवून गेलो होतो. हात धुताना बाजूला घेऊन सांगायचं. दोन वाक्यं पाठ केली होती.

जेवण झालं. ग. उठून गाडीतून एक गठ्ठा घेऊन आला. सगळ्यांना बसा म्हणाला.

"साडूभाऊ, छायानं मले लय झापलं. म्हंते, यादी भाऊजीची आन नाव तुमचं कसं? चूक झाली. दुरुस्त केली."

रंगीत छपाई. जाड कागद. वर माझा फोटो, मंदाने दिलेला असणार, वाचनालयाच्या टेबलाशी बसलेला. 'व्यवसाय सुरू करण्यापूर्वी वाचावयाची पुस्तके.' तीच पाच. जाडं निळं, संख्याशास्त्र, सगळी, लाल अक्षरात 'क्रमाने वाचावीत'. खाली: 'निवड व संकलन: श्री. दिलीपराव, ग्रंथपाल, कळंब.' त्याचं नाव कुठेही नाही. शोधलं मी. मागच्या बाजूलाही नाही.

मामाजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचली. प्रत्येक नाव. सासूबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "आपले दोन्ही जावई सोन्याचे." मंदा माझ्याकडे पाहत होती. एकटी तीच.

ग. म्हणाला, "झरीकडच्या तीन गावात काल वाटून बी आलो. त्या बांबूवाल्या बाबाले बी दिली. थ्याचा नातू वाचून दाखोते म्हंते, रोज एक एक पान."

मी म्हटलं, अरे. 

"पाहून घ्या ना एकडाव, काई चुकलं असन तं. सोमवारी आजून छापाले टाकून राह्यलो." गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. शाई अजून बोटाला लागत होती.

सगळे थांबले होते मी काय म्हणतो ते ऐकायला. ग. तर असा ऐकत होता, जसा त्या म्हाताऱ्याचं ऐकत होता.

मी म्हटलं, उद्या सांगतो.

उद्या रविवार. वाचनालय बंद असतं. त्याचं ऑफिस उघडं असतं.